धारेचा शर्ट

बाबांनी शर्टाची घडी नाकाशी नेली, एकदा हुंगली आणि म्हणाले, "साबण." एवढंच. डाव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी, उजवा डोळा औषधाने चिकटलेला, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. मी खाटेशी उभा होतो, हाताला अजून इस्त्रीची ऊब होती. मला वाटलं, खूश झाले. मी म्हटलं, "दोनदा काढला मशीनमधून. कॉलरचा काळा पट्टा जाता जात नव्हता. शेवटी सोडा घालून कडकडीत पाण्यात भिजत ठेवला." मी या इस्पितळाच्या धुलाई विभागात एकोणीस वर्षं आहे. रक्त, पू, आयोडीन, कुठला डाग कशाने जातो ते मला झोपेतून उठवून विचारा. आयुष्यात बापाला दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं आणि ते मी दाखवत होतो. बाबांनी घडी मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला, मेलेल्या सशावरून फिरवावा तसा, आणि म्हणाले, "धाकट्या, हा धारेचा शर्ट होता." मग माझंच सांत्वन करायला लागले. चूक त्यांचीच, म्हणे. निघायच्या दिवशी सकाळी धार काढली, बसची वेळ झालेली, थंडी होती, तर वरूनच चांगला शर्ट चढवला. आतला अंगातच राहिला. "तुझी ताई मागून ओरडत होती काहीतरी. मला वाटलं, जपून जा म्हणतेय."

धारेचा शर्ट म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि लाज वाटायची गोष्ट तीच. मी त्याच घरात वाढलो. गोठ्याच्या दाराशी खुंटी, खुंटीवर शर्ट. धार काढायला जो बसेल त्याने तो घालायचा, मग तो बाप असो, आई असो, ताई असो, मी असो. साबण लावायचा नाही. फारच चिकट झाला तर साध्या पाण्यातून खळबळून उन्हात टाकायचा. घरात कुणी आजारी पडो, कुणी रुसून बसो, कुणाचं कुणाशी आठ आठ दिवस बोलणं नसो, गायीच्या लेखी तोच एक माणूस दोन वेळा येऊन बसतो आणि ती त्याला पान्हा सोडते. शर्ट विरला की नवा एकदम काढायचा नाही; पंधरा दिवस नवा आत, जुना वर, मग पंधरा दिवस जुना आत, नवा वर. आई म्हणायची, विरजण लागू दे. त्या चौकड्यांच्या शर्टात त्याच्या आधीचा निळा होता, निळ्यात खाकी, खाकीत आजोबांचा जाडाभरडा सदरा, आजोबांच्या आधीचं कुणाला ठाऊक. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण त्या खुंटीवर तीही होती. आणि मी तिला सोड्यात भिजत घातलं, वर गरम इस्त्री फिरवली, आणि ट्रेमधून औषध आणावं तसा तो शर्ट घेऊन वॉर्डात आलो. मला माहीत होतं हे सगळं. मी फक्त विसरलो. माहीत नसलेल्या माणसाला शिव्या देता येत नाहीत, विसरलेल्याला देता येतात, म्हणून मी स्वतःला भरपूर दिल्या.

ताईचे आदल्या दिवशी तीन फोन येऊन गेले होते. मी उचलले नव्हते. मला वाटलं होतं, सूचना देणार. बाबांना उशी उंच लागते, बाबांना चहा गार चालत नाही. आता व्हरांड्यात जाऊन मीच लावला. ती एकदम मुद्द्यावर आली. "शर्ट तिकडं आहे का?"

"आहे."

"हुश्श. मग उद्याच्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरकडे दे. मास्तरीण परवा संध्याकाळपासून पान्हा चोरतेय. चार वेळा बसले. पेलाभर देते आणि लाथ झाडते. कास दगडासारखी झालीये एका बाजूने."

मास्तरीण म्हणजे गाय. दावणीला आली तेव्हापासून प्रत्येकाकडे गृहपाठ तपासल्यासारखी बघते, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. महिन्यापूर्वी व्यायली, वासरू आठ दिवसांत गेलं. वासराविना दूध देत होती ती त्या शर्टाच्या भरवशावर. मी म्हटलं, "ताई, मी तो धुतला."

ती मग अगदी हळू, आशेने, "पाण्याने?"

"साबणाने."

"किती?"

"दोनदा."

"शहाण्या, तुला पगार कशाचा मिळतो रे?"

"ह्याचाच," मी म्हणालो.

परत आलो तर तरुण डॉक्टरीणबाई बाबांच्या खाटेशी उभी होती. शेती करता का, किती छान, मोकळी हवा, असं काहीतरी तिचं चाललेलं. बाबा म्हणाले, "हो ना. हवेबरोबर कंबर पण मोकळी होते." ती हसली, तिला वाटलं म्हाताऱ्याने विनोद केला. मला कुणी शेतीचं कौतुक सांगायला लागलं की कानाखाली द्यावीशी वाटते. मातीचा सुगंध, कष्टाची भाकर, असली वाक्यं लिहिणाऱ्याच्या हातात एक दिवस कुदळ द्यावी आणि दुपारी विचारावं, आता कसा येतोय सुगंध. मी पळून आलो त्यातून. कुणी हाकललं नाही, दुष्काळ पडला नाही, मला फक्त रोज त्याच चार तोंडांसमोर वाकायचं नव्हतं. बाई गेल्यावर बाबा म्हणाले, "मला तीन दिवस सोडत नाहीत. तू जा." मी म्हटलं, मी जाऊन काय करू, मला ती ओळखतसुद्धा नाही. "तुझ्या ताईला दोनच हात आहेत. बटाटे जमिनीत आहेत, गाय अडलीये. माणूस लागतं तिथं. मला काय, इथं नर्स आहे." त्यांनी शर्ट माझ्या हातात दिला. माणूस लागतं. एकोणीस वर्षांत मला हे कुणी म्हटलेलं आठवेना. धुलाईत मी एक दिवस आलो नाही तर मशीन नंबर चारवर दुसरा उभा राहतो आणि चादरींना फरक कळत नाही, कळूही नये.

सुपरवायझरने रजेचा अर्ज पुढे ओढला. "कारण?"

"गाय."

"कोण?"

"गाय. पान्हा सोडत नाहीये."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पेनचं टोपण चावलं, आणि लिहिलं: कौटुंबिक अडचण. मला तो माणूस कधी आवडला नव्हता. त्या दिवशी आवडला.

बसमध्ये पाच तास शर्ट मांडीवर. मी पुनःपुन्हा हुंगून पाहत होतो, जसं काही कुठल्यातरी शिवणीत आईचा एखादा धागा चुकून राहिला असेल. नव्हता. मी काम चांगलं करतो. इस्पितळात माणूस मेला की तासाभरात त्याची चादर माझ्याकडे येते आणि अडीच तासांनी तिला कुणाचाच वास नसतो. ती मग कुणाच्याही खाली घालता येते. ते लागतंच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण दिवसाला चारशे चादरी, एकोणीस वर्षं, म्हणजे किती माणसांचे वास मी गटारात सोडले असतील. घरी येऊन स्वतःलाही तसाच घासायचो. बायको सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, तुझ्या खोलीत कुणी राहतं असं वाटत नाही. मी ते कौतुक समजलो होतो. आणि एकदा ताई आली होती त्या खोलीवर, आईच्या आजारपणात, औषधं न्यायला. तो प्रसंग मी बसच्या खिडकीतून बाहेर ढकलून द्यायचा प्रयत्न करत होतो, पण तो पुढच्या थांब्यावर पुन्हा चढत होता.

ताई फाट्यावर आली होती. पन्नाशीची बाई, माझ्यापेक्षा रुंद खांदे. तिने मला नाही, आधी शर्टाला हुंगलं. "वा," म्हणाली, "अगदी इस्पितळ." मग माझ्याकडे पाहिलं. "जेवलास?" मी नाही म्हटलं. "मग आधी गाय बघ, भूक मरेल."

मास्तरीण गव्हाणीशी उभी होती, मागचे पाय फाकवून, कास मधे येत होती म्हणून. मी हात पुढे केला तर तिने मान वळवली, नाक फेंदारलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा गृहपाठ आठवला. ताई म्हणाली, घाल शर्ट, बस. मी घातला, बसलो, कोमट पाण्याने कास धुतली. जनावर थरथरत होतं. सड धरला मात्र, आणि तिने लाथ अशी घातली की बादली एकीकडे, मी एकीकडे. ताई हसली. दोन दिवसांत बहुधा पहिल्यांदा हसली असावी, कारण हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे पुसायला लागली, आणि ते पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं. मी शेणातून उठलो. तिने बाबांना फोन लावला. बाबा तिकडून म्हणाले, "विरजण नाही म्हणून अडून बसता होय? पहिलं दही कुणीतरी लावलंच असेल ना? नवा सुरू करा. घाला आणि राबा." फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, "ऐकलंस? दोन सऱ्या तू, दोन सऱ्या मी. पण एकट्या तुझ्या घामाचा उपयोग नाही. तिच्या जन्मात तू होतास कधी?"

असं आम्ही भर दुपारी बटाटे काढायला लागलो, एकाच शर्टात, आळीपाळीने. सांगितलं तर लोक हसतील, हसोत. मी कुदळीने वरंबा फोडायचो, ती हाताने माती चाचपत बटाटे वेचायची. दोन सऱ्या झाल्या की शर्ट बदलायचा, कामही बदलायचं. तिने तो अंगावरच्या कपड्यांवरून चढवला, बाह्या दुमडल्या, आणि पाठमोरी वाकली तेव्हा मला क्षणभर कुदळ उचलवेना. आई तशीच घालायची. वीस सऱ्यांत माझी कंबर गेली. तळहात सोलवटले. डोक्यातून घाम डोळ्यांत, डोळ्यांतून ओठांवर, आणि प्रत्येक वरंब्याखालून ती पिवळट, गार, ओलसर गोलाई बाहेर यायची तेव्हा मी दरवेळी मूर्खासारखा चकित व्हायचो. दर वर्षी तेच असतं, मला माहीत होतं. सहा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी मला माझी सरी दिली होती. इथून तिथपर्यंत तुझी. मी दोन दिवस लावले. ती अशी नागमोडी झाली की जाणारा येणारा विचारायचा, हा साप कुणी पाडला. बाबांनी ती सरळ केली नाही. आईने दोनदा कुदळ उचलली, तर म्हणाले, राहू दे, ती त्याची आहे. पाणी सोडलं तेव्हा ते माझ्या प्रत्येक चुकीपाशी वळत, थांबत, डबकं करत शेवटापर्यंत गेलं, आणि मी त्याच्याबरोबर बांधावरून चालत गेलो. बटाटे आले. वाकड्या सरीतसुद्धा आले. त्या संध्याकाळी ते वेगळ्या पाटीत ठेवले गेले, वेगळे उकडले गेले, आणि सगळ्या घराने माझ्याकडे बघत खाल्ले, मीठ जास्त झालं होतं तरी. पुढे शहरात मला कामाबद्दल दोनदा प्रमाणपत्र मिळालं, चौकटीत बसवून. त्यातलं एकही कुणी माझ्याकडे बघत खाल्लं नाही.

"कुदळ जपून," ताई म्हणाली. "कापतोयस."

"तू रागावलीयस."

"बटाटा कापला की टिकत नाही. एवढंच म्हटलं."

"शर्टाचा राग असेल तर बोल."

ती तीन-चार हात पुढे सरकली, माती चाचपत. आमच्याकडे भांडणं अशीच व्हायची. बाबा-आई, आई-ताई, ताई-मी, ज्याचं जे असेल ते सरीत. आवाज चढवता येतो, पण निघून जाता येत नाही, कारण काम अर्धं असतं. आणि तोंड वर करून डोळ्यांत बघताही येत नाही, कारण हात खाली असतात. सरी संपेपर्यंत भांडण बहुतेक संपतं, नाहीतर दुसऱ्या सरीलाही पुरतं. शहरात मी भांडलो की दार आपटून जायचो. तिथे दारं फार.

"शर्टाचा नाही," ती म्हणाली. "त्या वेळी तू खिडक्या उघडल्यास."

मी कधी, असं विचारलं. मला माहीत होतं कधी.

"मी दारात चपला काढत होते आणि तू खिडक्या उघडत होतास. दोन्ही. थंडीचे दिवस होते. मी गोठ्यातून तशीच आले होते, आईचं औषध संपलं होतं म्हणून."

"हवा यावी म्हणून उघडल्या."

"खोटं बोलायचं असेल तर पलीकडच्या सरीत जा."

मी पलीकडच्या सरीत गेलो नाही. कुदळ मारत राहिलो. घाम पाठीवरून शर्टात झिरपत होता आणि मला पहिल्यांदाच त्याचा वास आला, माझाच, आंबट, गरम, थोडा धातूचा. त्यात तिचाही मिसळलेला, मातीचाही, आणि शेणात पडलो होतो तोही. मी म्हणालो, "वास येत होता म्हणून उघडल्या. शेजारी काय म्हणतील वाटलं. आई मरायला टेकली होती आणि मला शेजाऱ्यांची पडली होती. नालायक होतो." ती वाकलेलीच राहिली. हात चालू होते. मग म्हणाली, "हां." आणि सरी संपल्यावर, कमरेवर हात ठेवून सरळ होत, "पाणी पी. आणि काढ तो, माझी पाळी."

ऊन उतरलं तेव्हा तो शर्ट उभा केला असता तर उभा राहिला असता. ताईने शेवटी तो गायीच्या पाठीवरून, मानेखालून चोळून घेतला, गव्हाणीतल्या वैरणीवर टाकला, उचलला, झटकला आणि मला दिला. मी म्हटलं, तू बस, तुझा हात तिला माहीत आहे. "माझा हात चार वेळा हरलाय," ती म्हणाली, "आणि मनगट सुजलंय. बस." मी पुन्हा कोमट पाणी घेतलं. या वेळी घाई केली नाही. कासेला फडका लावून नुसता बसून राहिलो, कपाळ तिच्या बरगडीला टेकवून, लहानपणी झोप येत असताना बसायचो तसा. आत पोटात काहीतरी मोठं, सावकाश चाललेलं ऐकू येत होतं. तिने मान वळवली. माझा खांदा हुंगला, बाही हुंगली, पुन्हा खांदा. नापास करायचं की नाही याचा बराच वेळ विचार केला. मग एक लांब श्वास माझ्या कानावर सोडला आणि वैरणीत तोंड घातलं. तिला त्या घामात घर सापडलं की कोमट पाण्याने तिचं दुखणं जरा उतरलं, मला ठाऊक नाही; जनावरांच्या मनातलं सांगणारे बहुतेक खोटारडे असतात. पण माझ्या तळहाताखाली कास हलली. आतून भरत आल्यासारखी जड झाली, सड ताठ झाले. मी पिळला. बादलीच्या तळावर पहिली धार वाजली. ताईने माझ्या पाठीत गुद्दा घातला, जोरात, आणि बाबांना फोन लावून तो गव्हाणीच्या कडेवर ठेवला.

"बाबा, ऐका."

तिकडे वॉर्डात कुणाचीतरी चाकाची खुर्ची कुरकुरत होती. मग ती थांबली. मी काढत राहिलो. सोललेल्या तळहातांना दूध झोंबत होतं. बऱ्याच वेळाने फोनमधून बाबांचा आवाज आला. "तीनच सड वाजतायत."

"चौथा दगडी झालाय," ताई म्हणाली. "उजवा मागचा."

"शेक. वरून खाली. ओढू नकोस, समजाव."

ताईने फडका गरम पाण्यात बुडवून पिळला आणि कासेच्या त्या बाजूला धरला. मी तिच्या बोटांखालून, वरून खाली, वरून खाली. पहिल्यांदा काही नाही. मग पिवळी, दह्यासारखी गुठळी. ती मी जमिनीवर झटकली. पुन्हा शेक. पुन्हा गुठळी, मग पाणी, मग तांबूस पाणी. गाय पाय बदलायला लागली. ताई तिच्याशी बोलत होती आणि मधूनच माझ्याशी, एकाच सुरात, त्यामुळे "हो गं, माझी शहाणी ती" मधलं किती कुणासाठी होतं सांगता येत नाही. माझी बोटं बधिर झाली. रात्रपाळी असती तर एव्हाना मी मशीनची दारं लावत असतो. त्या क्षणी जगात कुठेही माझी गरज नव्हती, फक्त इथे होती, चार बोटं आणि अंगठा एवढीच, पण ती दुसऱ्या कुणाची चालली नसती. दुसरा कुणी नव्हताच. सातव्या का आठव्या शेकानंतर सडातून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि एक धागा आला, बारीक, वाकडा, पांढरा. मी बादली सरकवून तो आत धरला.

"चार," बाबा फोनमधून म्हणाले.

ताई काहीतरी बोलायला गेली.

"आता बोलू नका," ते म्हणाले. "काढा."

आम्ही बोललो नाही. फोन कुणीच बंद केला नाही.